वीस टक्के वाढ, पण कशाच्या तुलनेत?

३१ ऑगस्ट २०२१ चा दिवस. चातुर्मास चालू असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकण्याची घरात घाई होती. दूरचित्रवाणीवर बातमी आली, की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे वर्तमानपत्रांतला जीडीपी, २०.१ टक्क्यांनी वाढले. माझा पुतण्या हातातली वाटी खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, वीस टक्के! आता तरी विश्रामबागेतल्या जागेचं मनावर घ्या."

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. सांगलीत आमचे कापडाचे दुकान आहे आणि गेली चाळीस वर्षे ते अण्णाच पाहतात. त्यांनी पान संपवले, हात धुतले आणि एवढेच विचारले, "अरे, वीस टक्के कशावर?"

त्या प्रश्नावरून आमच्या घरात जो वाद सुरू झाला, तो पुढे दोन वर्षे चालला. वाद निव्वळ विद्वत्तेचा नव्हता. पुतण्याला दुसरे दुकान घालायचे होते, त्यासाठी बँकेचे कर्ज काढायचे होते, आणि टाळेबंदीत सरकारी हमीवर घेतलेल्या तातडीच्या कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. मंदी खरोखर संपली असेल, तर जागा घेण्याची वेळ तीच होती. संपली नसेल, तर एका कर्जावर दुसरे चढणार होते. आपल्या समाजातील कितीतरी घरांत त्या वर्षी हाच प्रश्न थोड्याफार फरकाने उभा राहिला असेल, म्हणून तो येथे मांडतो आहे.

प्रथम अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर. एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत, २०११-१२ च्या स्थिर किमतींनी, देशाचे उत्पादन ३५.६६ लाख कोटी रुपये होते. २०२० च्या त्याच तिमाहीत देशव्यापी टाळेबंदीने ते २६.९५ लाख कोटींवर आले, म्हणजे २४.४ टक्क्यांची घट. २०२१ मध्ये ते ३२.३८ लाख कोटी झाले. २६.९५ वरून ३२.३८ म्हणजे २०.१ टक्के वाढ, यात तिळमात्र खोटे नाही. परंतु ३५.६६ शी ताडून पाहिले, तर दोन वर्षांनंतरही देश ९ टक्क्यांहून अधिक मागेच होता. शंभराचे पंच्याहत्तर झाले आणि पंच्याहत्तरावर वीस टक्के चढले, तर नव्वद होतात. शंभर होण्यासाठी तेहतीस टक्के चढावे लागतात. भाव पडलेला माल धरून बसलेल्या व्यापाऱ्याला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. तरीही देशाचा आकडा म्हटला की आपण ते विसरतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

व्यापाराचा रकाना तर अधिक बोलका होता. राष्ट्रीय हिशेबात व्यापार, हॉटेले, वाहतूक आणि दळणवळण यांचा एक गट धरतात. २०१९ च्या त्या तिमाहीत या गटाचे मूल्यवर्धन ६.६४ लाख कोटी होते, २०२० मध्ये ते ३.४५ लाख कोटींवर आले आणि २०२१ मध्ये ४.६३ लाख कोटींपर्यंत चढले. बातमीत हे '३४ टक्के वाढ' म्हणून आले. मूळ पातळीच्या सुमारे ७० टक्क्यांवर उभ्या असलेल्या धंद्याचे ते वर्णन होते. आमच्या वहीत चित्र निराळे नव्हते. लग्नसराईचे एप्रिल-मे सलग दोन वर्षे हातचे गेले होते. २०२० मध्ये पहिल्या टाळेबंदीने आणि २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांनी.

येथे सांगलीकरांची एक खास अडचण सांगतो. तुलनेसाठी कोणते वर्ष घ्यायचे, हेच आम्हाला कळेनासे झाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमच्या दुकानाच्या तळघरातील माल त्यात गेला. म्हणून ऑगस्ट २०२० ची विक्री, साथ चालू असूनही, आदल्या ऑगस्टपेक्षा कितीतरी पट 'वाढलेली' दिसत होती! पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. २०.१ टक्क्यांची बातमी आली, तेव्हा पेठेतील कित्येक दुकानांतून गाळाचा वास पुरता गेलेला नव्हता. अण्णांनी अखेर २०१८-१९ ची खतावणी काढली आणि पुतण्यापुढे ठेवली. म्हणाले, "पूर नाही, साथ नाही, असं हे शेवटचं वर्ष. मोजायचं तर इथून मोज." सगळ्या वादात हीच पद्धत मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटली. पूर आणि टाळेबंदी यांच्या खड्ड्यातून मोजलेली उंची नेहमीच भव्य दिसते.

मंदी 'संपली' असे म्हणण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. उत्पादन सलग दोन तिमाह्या घटले, की तिला तांत्रिक मंदी म्हणतात. २०२०-२१ च्या पहिल्या दोन तिमाह्या तशा गेल्या. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी तिसऱ्या तिमाहीचा ०.४ टक्के वाढीचा आकडा आला आणि भारत मंदीतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होते. विहिरीत पडलेला माणूस तळाला टेकला आणि पहिल्या पायरीवर चढला, की त्याचे पडणे संपते. तो काठावर आला, असे त्यावरून ठरत नाही. अमेरिकेतही असेच घडले होते. तेथील मोठी मंदी जून २००९ मध्ये संपली, असा निर्णय तिकडील अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीने सप्टेंबर २०१० मध्ये दिला. बेकारी मात्र मंदी 'संपल्यानंतर' चार महिन्यांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, १० टक्क्यांच्या शिखरावर पोहोचली, आणि नोकऱ्यांची एकूण संख्या मंदीपूर्व पातळीवर यायला मे २०१४ उजाडला. आकड्यांची मंदी आणि माणसांची मंदी यांच्यात पाच वर्षांचे अंतर पडले.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची ही पद्धत ज्यांनी घडवली, त्यांना तिच्या मर्यादा ठाऊक होत्या. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला पहिला सविस्तर हिशेब सादर केला, त्यातच त्यांनी बजावले होते, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून जनतेच्या सुस्थितीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी दादाभाई नौरोजींनी, जे स्वतः व्यापारी होते, १८६७-६८ साठी माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढून दाखवले. स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, आणि सदस्यांत व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासह पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. छोट्या उद्योगाचा आणि पेठेतल्या व्यापाराचा हिशेब कसा लावावा, ही अडचण तेव्हापासूनची आहे, आणि आमच्या घरातल्या वादाचे मूळही तिथेच होते.

पुतण्याने एकदा अण्णांना विचारले, "तुमच्या दुकानाची विक्री सरकारला कळते कशी?" अण्णा म्हणाले, "जीएसटी भरतो ना." ते झाले आमचे. पण आमच्या दुकानासमोर हातगाडीवर टॉवेल विकणारा, घरी शिलाई करणारी, दोन यंत्रमाग चालवणारा, यांचे काय? तिमाहीच्या आकड्यांत मोठ्या कंपन्यांचे जाहीर झालेले निकाल येतात, करवसुली येते, सिमेंट, पोलाद, वाहने यांची आकडेवारी येते. ज्यांच्या वह्या कोठेच दाखल होत नाहीत, त्यांचा अंदाज जुन्या पाहण्या आणि अशा अप्रत्यक्ष निर्देशकांवरून बांधावा लागे. थोडक्यात, मोठ्याची चाल पाहून छोट्याची चाल धरायची. साधारण काळात हे चालून जाते, कारण दोघे बहुधा एकाच दिशेने चालतात. २०२० मध्ये ते विरुद्ध दिशांना गेले. बंद पडलेल्या छोट्या दुकानाचे गिऱ्हाईक मॉलमध्ये किंवा मोबाइलवरच्या खरेदीकडे वळले. अशा वेळी मोठ्याची वाढ ही काही अंशी छोट्याची घटच असते, आणि हिशेब मात्र ती दोघांच्या नावे जमा धरण्याची शक्यता राहते.

ही केवळ शंका नाही. असंघटित, बिगरशेती उद्योगांची स्वतंत्र पाहणी सरकारच करते. २०१५-१६ मध्ये बांधकाम वगळून असे ६.३४ कोटी उद्योग होते आणि त्यांत ११.१३ कोटी माणसे काम करीत होती. २०२१-२२ च्या पाहणीत उद्योग ५.९७ कोटी आणि माणसे ९.७९ कोटी भरली. मधल्या सहा वर्षांत नोटाबंदी, जीएसटी आणि साथ अशी तीन वळणे आली. कोणाचा किती वाटा, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण ज्या वर्षी देशाचे उत्पादन ८.७ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले, त्याच वर्षी छोट्या धंद्यात सहा वर्षांपूर्वीपेक्षा सव्वा कोटीहून अधिक माणसे कमी होती, एवढे स्पष्ट दिसते.

आता पुतण्याची बाजू. ती मी मुद्दाम नीट मांडतो, कारण आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचे संशय बहुधा आपोआपच शहाणपण ठरतात. तो म्हणे, आकडा अपुरा असेल, पण दिशा खरी आहे. एप्रिल २०२० मध्ये जीएसटी सुमारे ३२ हजार कोटी जमा झाला होता. एप्रिल २०२१ मध्ये १.४१ लाख कोटी आणि एप्रिल २०२२ मध्ये १.६७ लाख कोटींच्या वर. साथीपूर्वीच्या एप्रिल २०१९ मध्ये तो १.१३ लाख कोटी होता, म्हणजे खड्ड्यातून न मोजताही वाढ दिसते. छोट्या उद्योगांचेही पुढे सुधारले: त्याच सरकारी पाहणीत २०२३-२४ मध्ये उद्योग ७.३४ कोटी आणि माणसे १२.०६ कोटी झाली. अण्णांनी त्यावर एवढेच म्हटले, की करवसुली वाढण्यात भाववाढीचा आणि जाळे आवळण्याचाही वाटा असतो. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आली. तेवढ्याने कागदावर न येणारी विक्री कागदावर आली. दोघेही बरोबर होते, असे मला आज वाटते. पुतण्याचे आकडे सुधारणा झाली हे सांगत होते आणि अण्णा ती केवढी, हे विचारत होते.

सुधारणा कोणाची, हा प्रश्न मात्र राहिलाच. त्यासाठी वाहनविक्रीइतका स्वच्छ आरसा नाही. आमच्या पेठेत मोटारीचे गिऱ्हाईक वेगळे आणि दुचाकीचे वेगळे. मोटारींची देशांतर्गत विक्री २०१८-१९ मध्ये सुमारे ३४ लाख होती; २०२२-२३ मध्ये ती जवळजवळ ३९ लाख झाली, पुढल्या वर्षी ४२ लाख. दुचाकी २०१८-१९ मध्ये २.१२ कोटी विकल्या गेल्या होत्या. २०२१-२२ मध्ये त्या १.३५ कोटींपर्यंत घसरल्या, आणि २०२४-२५ मध्येही १.९६ कोटींवरच होत्या. सहा वर्षांनंतरही मागे! दुचाकी महाग झाल्या, हेही त्याचे एक कारण आहे. पण साडी घेणारी आमची बहुतेक गिऱ्हाइके दुचाकीवरूनच दुकानात येतात, हे अण्णांनी पुतण्याला दोनदा सांगितले. उंची मालाचे कपाट भराभर रिकामे होत होते आणि रोजच्या वापराच्या साड्यांचे गठ्ठे तसेच पडून होते. देशाच्या बेरजेत दोन्ही कपाटे एकच.

किमतींचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण व्यापाऱ्याला तो लवकर पटेल. २०२३-२४ मध्ये वाढीचा दर ८.२ टक्के जाहीर झाला. चालू किमतींनी ती वाढ ९.६ टक्के होती. म्हणजे महागाईसाठी वजावट जेमतेम दीड टक्का. त्याच वर्षी किरकोळ महागाई सरासरी ५.४ टक्के होती. हा फरक पडला, कारण उत्पादनातील वजावट तेव्हा मोठ्या प्रमाणात घाऊक किमतींवर चालत असे, आणि घाऊक किमती त्या वर्षी किंचित उतरल्या होत्या. समजा, सूत स्वस्त झाले, कापडाचा भाव तेवढाच राहिला आणि कापड पूर्वीइतकेच मीटर विणले गेले. गिरणीचा नफा वाढेल. पण भाव न चढल्यामुळे वजावट होणार नाही, आणि तो वाढीव नफा हिशेबात 'अधिक उत्पादन' म्हणून दिसेल. त्याच वर्षी लोकांचा खासगी उपभोगखर्च ४ टक्क्यांनीच वाढल्याचे जाहीर झाले होते. पुढे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, हे दोन्ही आकडे सुधारून अनुक्रमे ९.२ आणि ५.६ टक्के करण्यात आले.

आकडे असे मागाहून बदलतात, यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. आमचाही वार्षिक ताळेबंद लेखापरीक्षणानंतर बदलतो. २०२०-२१ ची घट आधी ७.३ टक्के सांगितली गेली, नंतर ६.६ आणि शेवटी ५.८. पण जे दीड टक्क्याने हलू शकते, त्याच्या दशांश चिन्हावर कर्जाचा निर्णय टांगू नये, एवढे खरे. पुढे आधारवर्ष २०११-१२ ऐवजी २०२२-२३ करण्याचे सरकारने ठरवले, आणि असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीचा त्यात उपयोग होणे हा त्यातला सर्वांत स्वागतार्ह भाग आहे.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो गमावलेल्या काळाचा हिशेब. २०१९-२० मध्ये देशाचे उत्पादन १४५.१६ लाख कोटी होते आणि २०२१-२२ मध्ये, मे २०२२ च्या अंदाजानुसार, १४७.३६ लाख कोटी. दोन वर्षांत दीड टक्का. एखाद्या कुळाने दोन वर्षांनी मुद्दल परत आणून दिले आणि वर शंभराला दीड रुपया ठेवला, तर आपण त्याला 'आला बिचारा' म्हणू. व्याज वसूल झाले, असे कोणी म्हणणार नाही. साथ आली नसती तर देश जेथे असता, तेथे तो केव्हा पोहोचेल, याचा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या २०२२ मधील एका अहवालात होता: २०३४-३५. तोही दरवर्षी साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढ होत राहील, असे धरून.

आमच्या घरी २०२१ मध्ये जागा घेतली नाही. हप्ते फेडले, पडून राहिलेला माल कमी केला, आणि २०२३ च्या दिवाळीनंतर पुतण्याने विश्रामबागेत भाड्याने गाळा घेतला. दुकान बरे चालते. भाडे मात्र २०२१ च्या मानाने बरेच जास्त द्यावे लागते, आणि ते दर महिन्याला अण्णांना ऐकावे लागते. "आकड्यावर विश्वास ठेवला असता तर?" असे पुतण्या विचारतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक आहे, असे मला म्हणवत नाही. अण्णांचे उत्तर ठरलेले आहे: "ठेवला असता आणि तिसरी लाट दुसरीसारखी आली असती तर?"

आमच्याकडे पंधरा वर्षे काम केलेला एक गुमास्ता होता. मीटर न लावता नजरेने ब्लाउजपीस कापणारा. टाळेबंदीत तो जत तालुक्यातील आपल्या गावी गेला. भावाबरोबर तीन एकर जिराईत करतो, उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर जातो. २०२०-२१ मध्ये देशभरात त्या योजनेवर ७.५५ कोटी कुटुंबांनी काम केले. आदल्या वर्षी ती ५.४८ कोटी होती. देशातील काम करणाऱ्यांपैकी शेतीत असणारे २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के होते. कितीतरी दशके हा आकडा हळूहळू उतरत होता.

अण्णांनी त्याला दोनदा निरोप पाठवला. नवीन दुकानात माणूस हवाच आहे. तो म्हणतो, मुलांची शाळा तिकडे लागली, इकडे खोलीभाडे परवडत नाही, आणि पुन्हा काही झाले तर पायी परत जायची ताकद राहिली नाही. दिवाळीला मात्र येतो, वहीपूजनाला जुन्या जागी बसतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. सरकारी पाहणीत तो रोजगारात असलेला मनुष्य आहे.